अळंबी, कोंबडी आणि आजींचं सूप

"डॉक्टर, मशरूम म्हणजे शाकाहारी माणसाचं चिकनच ना?" हा प्रश्न मला दवाखान्यात, मंदिराच्या पार्किंग लॉटमध्ये आणि सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेतसुद्धा विचारला गेला आहे. आपल्याकडे डॉक्टर दिसला की प्रत्येकाला एक तरी प्रश्न आठवतोच. एका शब्दात उत्तर द्यायचं तर "नाही". पण स्मरणिकेच्या संपादकांनी चार पानं देऊ केली आहेत, आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा, जास्त अवघड प्रश्न दडलेला आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी आकडे. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या बटण मशरूममध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्यात ३ ग्रॅम प्रोटीन आणि सगळ्या मिळून २२ कॅलरी. कातडी काढून भाजलेल्या चिकन ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये ३१ ग्रॅम प्रोटीन आणि १६५ कॅलरी. म्हणजे वजनाला वजन ठेवलं तर दसपट फरक. कच्च्याची तुलना शिजलेल्याशी करणं अन्यायाचं आहे हे मान्य, कारण मशरूम कढईत पडले की पाणी सोडून आक्रसतात. पण सवलत देऊनही हा सामना बरोबरीचा होत नाही. मशरूमचे चाहते मग कॅलरीचा हिशोब काढतात: १०० कॅलरीमागे मशरूमचं प्रोटीन १४ ग्रॅम, चिकनचं १९. हा फरक फारसा नाही, हे खरं. पण त्या १०० कॅलरींसाठी जवळजवळ अर्धा किलो मशरूम खावे लागतात. पोटाला कॅलरी मोजता येत नाहीत, ढीग किती मोठा आहे ते मात्र बरोबर कळतं.

आणखी एक बारीक गोष्ट. अन्नातलं प्रोटीन बहुतेक वेळा थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. योहान केल्डाल या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत ही पद्धत बसवली. नायट्रोजनचा आकडा ६.२५ ने गुणला की प्रोटीन मिळालं, असा ढोबळ हिशोब. पण मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, तो काही आपल्या स्नायूंच्या कामाचा नाही. म्हणून मशरूमसाठी ४.३८ असा कमी गुणक वापरतात. सुक्या मशरूमच्या पावडरीच्या डब्यावर प्रोटीनचा डोळे दिपवणारा आकडा दिसला, तर तो कोणत्या गुणकाने आला आहे हे विचारावं. दुकानदाराला सांगता येणार नाही, पण विचारावं.

मशरूमचे गुण वेगळे आहेत. त्यात रायबोफ्लेविन, नायसिन, तांबं, सेलेनियम, पोटॅशियम आहे, थोडा चोथा आहे, जो चिकनमध्ये अजिबात नसतो. कोलेस्टेरॉल नाही, त्याऐवजी अर्गोस्टेरॉल असतं, आणि गंमत म्हणजे ऊन लागलं की त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. अंधारात वाढलेल्या बटण मशरूममध्ये ते नावापुरतं असतं, पण चकत्या करून दुपारच्या उन्हात तासभर ठेवल्या तर बऱ्यापैकी वाढतं. आपल्या आया पापड-कुरडया उन्हात घालत, तसं हे.

बी-१२ बद्दल मात्र आपल्या मंडळींत दुहेरी गैरसमज आहे. मशरूममधून ते मिळतं असं शाकाहारी लोक समजतात आणि चिकनमधून भरपूर मिळतं असं मांसाहारी. मशरूममध्ये ते जवळजवळ नाहीच. चिकन ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ०.३ मायक्रोग्रॅम, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम. त्यापेक्षा एक कप दुधात तिप्पट-चौपट असतं. हातापायांना मुंग्या येतात म्हणून आलेल्या शाकाहारी माणसाला "चिकन खा" असं सांगणारा डॉक्टर मला भेटला, तर मी त्याला हा तक्ता दाखवीन.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहावंसं वाटलं, तो सांगतो. कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

एक आजी, वय ७८, गळ्यात तुळशीची माळ. यजमान गेल्यावर मुलीकडे इथे राहायला आल्या. वर्षभरात वजन उतरलं, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला, एकदा न्हाणीघरात पडता पडता वाचल्या. तपासण्यांत मोठा आजार काही निघाला नाही. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यात खाणं चिमणीएवढं. दिवसभराचा हिशोब मांडला तर चहा, दोन बिस्किटं, वरणभाताचे चार घास, रात्री दूध-पोळी. अशा वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. आजींचं वजन ५० किलो, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. त्यांच्या पोटात निम्मंही जात नव्हतं.

जावई भला माणूस. सासूची काळजी त्याच्याइतकी मुलगाही करणार नाही. तपासणी झाल्यावर आजींना मुलीबरोबर बाहेर पाठवून तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, आई मशरूम खातात की नाही ते बघतो. पण सूप मी करतो रोज, त्यात चिकन स्टॉक घातला तर? त्यांना कळणारही नाही. औषधच आहे असं समजायचं."

मी नाही म्हटलं. वैद्यकीय कारण सांगणं सोपं होतं आणि ते खरंही होतं: स्टॉकमध्ये उतरतं ते मुख्यतः जिलेटिन, त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला आवश्यक असलेलं अमिनो आम्ल नसतंच. एवढ्या पापात पुण्य फार थोडं. पण तो निघून गेल्यावर मला वाटत राहिलं, की मी खऱ्या प्रश्नाला बगल दिली जाण्यासारखी ही सबब आहे का? समजा स्टॉक खरोखरच गुणकारी असता, तर माझं उत्तर बदललं असतं का? म्हणून पुढच्या भेटीत त्याला तेही सांगितलं. बदललं नसतं.

का, ते सांगताना मला आमच्या धंद्यातलीच एक अडचणीची गोष्ट आधी सांगावी लागेल. रक्त गोठू नये म्हणून हॉस्पिटलात हेपॅरिन देतात. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. कॅप्सूलची वेष्टणं बहुधा जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांची. ड-३ च्या बऱ्याच गोळ्या मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट पदार्थापासून बनतात. माळकरी माणूस छातीत दुखतं म्हणून इमर्जन्सीत आला तर त्याला हेपॅरिन देण्याआधी कोणी निरूपण करत बसत नाही, आणि बसूही नये. मग मी सूपवर एवढा ताठ का?

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. कुरु देशात पीक बुडालेलं, उषस्ती उपाशी. हत्तीवाल्यांच्या वस्तीत एक जण कुल्माष, म्हणजे हलकं कडधान्य, खात होता. उषस्तीने त्याचंच उष्टं मागून घेतलं आणि खाल्लं. मग त्याने पाणी पुढे केलं, तेव्हा म्हणाला, नको, ते उष्टं होईल. हत्तीवाला चकित झाला. कुल्माष उष्टे नव्हते का? उषस्तीचं उत्तर असं, की ते खाल्लं नसतं तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तिथे मिळेल. मला ही कथा फार आवडते, कारण त्यात नियम मोडणंही आहे आणि मोडायचा तो किती याचं मापही आहे. पण आमच्या प्रश्नासाठी त्यातली महत्त्वाची बाब वेगळीच आहे. काय खातोय हे उषस्तीला ठाऊक होतं. मापही त्यानेच ठरवलं, हत्तीवाल्याने नाही.

हेपॅरिनचा रुग्ण बेशुद्ध असेल, किंवा मिनिटांचा प्रश्न असेल, तर त्याच्या वतीने कोणाला तरी ठरवावं लागतं. वेळ असेल तेव्हा मी माळकऱ्यांना, मुसलमान आणि ज्यू रुग्णांना आधी सांगतो. बहुतेक जण "द्या" म्हणतात. एखादा नको म्हणतो, तेव्हा फॉन्डापॅरिनक्ससारखं पूर्णपणे कृत्रिम औषध चालण्यासारखं आहे का ते पाहतो. आजी बेशुद्ध नव्हत्या. बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांना विचारता येत होतं. विचारलं तर त्या नाही म्हणतील, एवढ्याचसाठी त्यांना विचारायचं नव्हतं. आपल्या माणसाच्या बाबतीत हा मोह फार होतो, आणि तो प्रेमातूनच होतो, म्हणून ओळखू येत नाही. ज्या बाईने साठ वर्षं एक व्रत पाळलं, तिला ते मोडल्याचं कळणार नाही, म्हणजे मोडलंच नाही, असा तो युक्तिवाद. मला तो पटत नाही. व्रत जिभेचं नसतं, माणसाचं असतं.

बरं, मशरूमचं काय? ते तरी बिनघोर आहेत का? जावयाला वाटत होतं की हो. आजींना तसं वाटत नव्हतं. त्यांच्या गावी पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या त्या पदार्थाला "कुत्र्याची छत्री" म्हणत, आणि ती खायची वस्तू नव्हे एवढंच त्यांना माहीत. नात हसली. पण आजींच्या बाजूने बरंच बोलण्यासारखं आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. लसूण, कांदा यांच्या जोडीला तिथे कवक आहे, आणि घाणीत उगवलेलं खाऊ नये असंही त्याच श्लोकात आहे. पुढे त्याच अध्यायात दुसऱ्या एका श्लोकात छत्राक, म्हणजे अळंबी, आणि गावातला कोंबडा हे दोघं एकाच यादीत येतात! आम्ही आज ज्यांना पारड्याच्या दोन बाजूंना ठेवतो, त्यांना स्मृतिकाराने एकाच बाजूला बसवलं होतं. अर्थात स्मृतीचा आक्षेप हिंसेचा नव्हता, शुद्धतेचा होता. सह्याद्रीतले आदिवासी आणि गोव्यातले लोक वारुळावरच्या ओळम्यांची वाट पाहतात. त्यांचं स्मृतीवाचून काही अडलेलं नाही.

जीवशास्त्रानेही इथे थोडी गंमत केली आहे. आमच्या शाळेत बुरशी वनस्पतीतच धरायचे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी तिला स्वतंत्र सृष्टी दिली, आणि १९९३ च्या सुमारास रेणूंच्या अभ्यासातून असं दिसलं की कवकांचं नातं वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे. कायटिन कोळंबीच्या कवचात असतं तेच. ऊर्जा साठवायला पिष्ट नाही, ग्लायकोजेन, आपल्या यकृतात असतं तसं. म्हणजे वंशावळीने पाहिलं तर अळंबी पालकापेक्षा कोंबडीच्या जवळची! एवढ्याने ती मांसाहारी ठरत नाही, कारण तिला मज्जासंस्था नाही, वेदना नाही. पण "झाडपाल्यासारखं निरुपद्रवी ते शाकाहारी" ही आपली व्याख्या वाटते तितकी घट्ट नाही, हे मात्र खरं.

आमच्या पेन्सिल्व्हेनियात केनेट स्क्वेअरला ही सगळी चर्चा डोळ्यांनी, आणि नाकाने, पाहता येते. अमेरिकेतले निम्म्याहून जास्त मशरूम या राज्यात पिकतात आणि त्यातले बहुतेक त्या गावाच्या आसपास. तिथला मशरूमचा उत्सव सप्टेंबरात असतो, अनेकदा आपल्या गणपतीच्या आगेमागेच. खत तयार होत असतं तेव्हा मैलभर आधीच वास येतो. त्या खतात पेंढा, मक्याची कणसं, घोड्याच्या तबेल्यातला कचरा आणि कोंबड्यांची विष्ठा असते. पुढे ते वाफेने शुद्ध करतात, तेव्हा घाबरू नये. पण कोंबडीला पर्याय म्हणून आपण जे खातो, त्याच्या मुळाशी कोंबडीच आहे, हे पाहिलं की आपल्या शुद्ध-अशुद्धाच्या भिंती किती पातळ आहेत ते कळतं. अंधाऱ्या खोल्यांत, शिड्यांवर चढून, लहान सुरीने एकेक मशरूम खुडणारे हात बहुतेक मेक्सिको-ग्वाटेमालाहून आलेल्यांचे असतात. पिकावर येणाऱ्या माश्या माराव्या लागतात. महाभारतातला धर्मव्याध, मिथिलेचा तो खाटीक, कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगराखालीही असंख्य जीव मरतात. तो खरंच बोलत होता.

तरीही या उदाहरणाचा वापर "मग काहीही खाल्लं तरी सारखंच" असा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. माशी आणि कोंबडी सारखी नाही. अमेरिकेत वर्षाला ९०० कोटींहून जास्त कोंबड्या कापल्या जातात. १९२५ च्या सुमारास बाजारात जाणारी कोंबडी सोळा आठवड्यांची आणि जेमतेम सव्वा किलोची असे. आता ती सात आठवड्यांच्या आत तीन किलोच्या आसपास पोचते. वजन पायांना पेलत नाही. जनावरं कापताना त्यांना आधी बेशुद्ध करावं असा १९५८ चा कायदा इथे आहे, पण त्याच्या अंमलात कोंबड्या येत नाहीत. गटारीला आमच्या घरी जी एक कोंबडी यायची, ती अंगणात हिंडलेली असायची आणि तिचा रस्सा आठवडाभर आठवायचा. इथल्या स्वस्त, पाकीटबंद, रोजच्या चिकनला मी तीच परंपरा म्हणू शकत नाही. मी चिकन खातो. चवीसाठी खातो. प्रोटीनसाठी खातो असं मी म्हणत नाही, कारण माझ्या ताटात डाळ-दह्याचं प्रोटीन पुरेसं असतं.

हे सगळं आजींच्या सोळा वर्षांच्या नातीला माझ्याआधी ठाऊक होतं. तिने दोन वर्षांपूर्वी चिकन सोडलं, आणि या वर्षी दूधही. वडिलांचा नियम असा, की चिकन घरात नाही, मागच्या अंगणातल्या ग्रिलवर. तिने विचारलं, "बाबा, ग्रिल काय शेजाऱ्यांचं आहे का?" आजी आणि नात एकाच ताटापाशी आल्या, पण वेगवेगळ्या रस्त्यांनी. आजीला कोंबडी वर्ज्य आहे कारण ती माळ घालते. नातीला वर्ज्य आहे कारण तिने त्या कोंबड्यांचे व्हिडिओ पाहिले आहेत. आजीचं दूध-दही नातीच्या हिशोबात निरपराध नाही, नातीचे मशरूम आजीच्या हिशोबात शुद्ध नाहीत. दोघींचा निर्धार मात्र सारखाच पक्का.

मला या दोघींपुढे एक गोष्ट ठळकपणे दिसली. मशरूमला चिकनची बरोबरी करायला लावणारे आम्ही मधल्या पिढीचे लोक विज्ञानाकडून एक वेगळंच काम करून घेऊ पाहतो. शाकाहार फुकटात पडतो, काहीच गमवावं लागत नाही, असं प्रमाणपत्र आम्हाला हवं असतं. किंवा उलट, मांसाहार ही शरीराची गरजच आहे, आमचा नाइलाज आहे, असं. आहाराच्या तक्त्यात ही दोन्ही प्रमाणपत्रं नाहीत. तो एवढंच सांगतो की एक वाट सोडली तर दुसरीवर काय काय गाठीशी बांधून घ्यावं लागेल. उद्या एखाद्या अभ्यासात चिकन सर्वोत्तम ठरलं तर आजी माळ उतरवतील का? मुळीच नाही. आणि मशरूम सर्वोत्तम ठरले तर आमचं ग्रिल बंद पडेल का? तेही नाही.

म्हणून दोघींना हिशोब उघड सांगितला. नातीला म्हटलं, मशरूम खुशाल खा, पण बी-१२ ची गोळी चुकवायची नाही, आणि सोया, डाळी, दाणे रोज हवेत. ती तुझ्या तत्त्वाची किंमत आहे. गोळी कशापासून बनते हे तिने लगेच विचारलं. जिवाणूंपासून, म्हटल्यावर खूश झाली. आजींची मूत्रपिंडं ठीक आहेत हे पाहून त्यांना मुगाची धिरडी, भाजणीत सोयाचं पीठ, घट्ट दही, पनीर असं थोडं थोडं दिवसातून पाच वेळा सांगितलं, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहादा उठण्याचा व्यायाम. त्यांनी एकच विचारलं, "एकादशीला काय करू?" दाणे, दही, राजगिरा चालतो की. वजन सावकाश वाढतं आहे. मशरूम त्या खात नाहीत, आणि कोणी आग्रहही करत नाही.

रानातले मशरूम खुडून आणणाऱ्या हौशी मंडळींना जाता जाता एक विनंती. इथे डेथ कॅप नावाची जात उगवते, ती आशियातल्या खाण्याच्या जातीसारखी दिसते, शिजवल्याने तिचं विष जात नाही, आणि त्रास सुरू होतो तो सहा-बारा तासांनी, विष यकृतापर्यंत पोचल्यावर. दुकानातलेच घ्या.

आणि यंदाच्या महाप्रसादात मुलांच्या आग्रहाने मशरूम पुलाव आहे. स्वयंपाक-समितीला सांगून त्याच्या भांड्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी लावायची ठरली आहे. साध्या पुलावाचं भांडं वेगळं, डावही वेगळा.